गाडीतलं सिंक तुंबलंय, आणि रिकामी केलेली टाकी ‘भरली’ दाखवतेय

सह्याद्रीवेडी (मानपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. आमची ट्रॅव्हलर (मिनीबस) आहे, आतून कॅम्पर करून घेतलेली. मधे ओटा आणि सिंक, मागे टॉयलेट-शॉवर, खाली दोन टाक्या: सांडपाण्याची 80 लिटरची, मैल्याची 60 ची.

तारकर्लीहून आल्यापासून सिंकमधलं पाणी उतरायलाच तयार नाही. नळ बंद केला तरी पाणी तसंच उभं राहतं, मग गुडगुड आवाज येतो, एक मोठा बुडबुडा फुटतो, थोडं पाणी खाली जातं आणि परत थांबतं. शॉवरचं पाणी मात्र व्यवस्थित जातंय. गाडी उन्हात उभी राहिली की सिंकखालच्या कपाटातून कुजका वास येतो.

दुसरी कटकट मैल्याच्या टाकीची. टाकी रिकामी करून आणली तरी पॅनेलवर तीनातले दोन दिवे लागलेलेच असतात.

सासूबाई आमच्याबरोबर असतात. त्यांचे गुडघे गेलेत, रस्त्यावरच्या टॉयलेटमध्ये त्यांना बसता येत नाही. त्यामुळे गाडीतलं टॉयलेट ही आमची चैन नाही, गरज आहे. गणपतीला कुडाळला जायचंय, त्याआधी हे नीट व्हायलाच हवं. सोसायटीतल्या प्लंबरने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून गेला. सुरुवात कुठून करू?

घोडबंदर_रायडर

ताई, दुकानात ड्रेनची पावडर मिळते ती टाका आणि वरून कढत पाणी ओता. आमच्या घरी दर महिन्याला तेच करतो, लगेच मोकळं होतं.

पावणे_फिटर (नवी मुंबई)

ताई, पावडर टाकू नका, कढत पाणीही नको. रायडरभाऊ, घरच्या मोरीत ते चालतं, कारण तिथे सगळं पुढे वाहून जातं. गाडीत ते जाणार कुठे? टाकीत साठून राहणार. या पावडरीत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडला की तो तापतो, पीव्हीसी नरम पाडतो, टाकीच्या व्हॉल्व्हमधली रबरी पट्टी खराब करतो. आणि टाकी सोडताना तेच पाणी हातावर, डोळ्यात उडू शकतं. उकळत्या पाण्याचंही तसंच आहे. साधा पीव्हीसी पाइप 60 अंशांच्या पुढे नरम व्हायला लागतो, गाडीतले पाइप तर पातळच असतात.

मी पावणे एमआयडीसीत गाड्यांच्या आतलं प्लंबिंग करतो. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. शॉवरची जाळी गाडीत सगळ्यात खाली असते. सांडपाण्याची टाकी भरली असती किंवा टाकीकडे जाणारा मोठा पाइप तुंबला असता, तर घाण पाणी आधी शॉवरच्या जाळीतून वर आलं असतं. ते येत नाही, म्हणजे बिघाड सिंकपासून मोठ्या पाइपाच्या जोडापर्यंतच आहे. जेमतेम हातभर लांबीचं काम आहे, घाबरू नका.

आता गुडगुड. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं, दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. तुमच्या सिंकचं दुसरं भोक बंद झालंय. पाणी खाली जाताना त्याच्या मागे हवा लागते. ती मिळाली नाही की ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपात वास अडवायला थांबलेलं, पाणीही ओढलं जातं, ट्रॅप कोरडा पडतो आणि टाकीतला वास सरळ वर येतो. गुडगुड आणि वास एकत्र असले की मी आधी हवेचाच रस्ता बघतो, पाइपाला हात नंतर.

सिंकखालच्या कपाटात टॉर्च मारा. ट्रॅपच्या पुढे एक उभा पाइप वर आलेला दिसेल, त्याच्या टोकाला काळी किंवा पांढरी प्लास्टिकची टोपी. तो एअर व्हॉल्व्ह. आत रबराची पातळ चकती असते, पाणी वाहताना उचलते आणि एरवी बंद राहते. तेलाची वाफ आणि खारट दमट हवा खाऊन ती चिकटते. सिंक अर्धं भरा, कपाटात बादली ठेवा, टोपी हाताने उलटी फिरवून काढा आणि सिंकचं बूच उघडा. पाणी सरकन गेलं तर चोर सापडला. ही टोपी धुऊन भागवू नका, नवीन घ्या, फार महाग नसते. जुनीचे आटे दाखवून त्याच मापाची मागा.

टोपी काढूनही पाणी उभंच राहिलं तर ट्रॅप उघडा. नट हातानेच सोडवा, पान्हा लावला की प्लास्टिकचे आटे जातात. आतला वायसर कसा बसलाय त्याचा सोडवण्याआधी फोटो काढा, तसाच परत बसवायचा. काहीजण रबरी पंप मारतात. गाडीत तो नको. जोड कपाटांच्या मागे असतात, दाबाने एखादा सुटला तर पाणी प्लायवूडमध्ये मुरत राहतं आणि कळतं तेव्हा फळी फुगलेली असते.

अजून एक विचारतो, तारकर्लीला गाडीतच रांधत होतात का?

सह्याद्रीवेडी

हो दादा. रोज मासे. सुरमई तळलेली आणि नारळाच्या रसातलं कालवण.

पावणे_फिटर

मग ट्रॅप उघडाच, टोपीचा दोष निघाला तरी. नारळाच्या रसातली चरबी म्हणजे खोबरेलच. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं. किनाऱ्यावर पातळ राहिलं तरी परतताना घाट चढलात, रात्री थंडी लागली, की गाडीखालच्या उघड्या पाइपात त्याचा थर धरतो, आणि त्या थरावर चहाचा चोथा आणि भाताची शितं बसतात.

पाइप सिंकखाली वळ्यावळ्यांचा असेल तर तोही बघा. मधे झोळ पडला की तिथे पाणी साचून राहतं आणि तेल वळ्यांमध्ये अडकतं. शक्य असेल तर काढून सरळ पीव्हीसी टाका, मीटरला 2 सेंटीमीटर ढाळ ठेवा आणि क्लॅम्पने फळीला आवळा. बाकी थरासाठी हाताला सोसवेल इतकं गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड पुरेसं आहे, दोनतीनदा ओतायचं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकायचा सल्ला मिळेल. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी, तेल तिथेच राहतं.

सह्याद्रीवेडी

दादा, टोपीच होती! काढल्याबरोबर पाणी एका दमात गेलं. आतली चकती तेलाने चिकटून वाकडी झालेली. ट्रॅपमध्ये खोबऱ्याच्या चोथ्याचा गोळाच निघाला, वर मेणासारखा पांढरा थर. स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून नवीन टोपी आणली, बसवली. आता गुडगुड नाही, वासही गेला.

मैल्याच्या टाकीचं काय करू? टॉर्च मारून कमोडमधून खाली पाहिलं. भोकाच्या बरोबर खाली ढीग दिसतोय, कडेला मात्र रिकामं. तारकर्लीला होमस्टेवाल्यांनी पाइप त्यांच्या शोषखड्ड्याला जोडून दिला होता आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवा म्हणाले होते.

पावणे_फिटर

तिथेच झालं. व्हॉल्व्ह उघडा असला की पातळ लगेच वाहून जातं आणि घट्ट जागच्या जागी राहतं, सुकतं, त्यावर कागद बसतो. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद हवा. निदान दोन तृतीयांश भरली की एकदम उघडायची, तेव्हा पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं बाहेर पडतं. सांडपाण्याची टाकी त्यानंतर सोडा, साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

दिवे का जळतात तेही सांगतो. टाकीच्या भिंतीत धातूचे छोटे खिळे असतात. पाणी खिळ्यापर्यंत आलं की त्यातून बारीक वीज वाहते आणि दिवा लागतो. खिळ्यांवर ओल्या घाणीचा थर बसला की वीज त्या थरातून जाते. टाकी रिकामी असली तरी पॅनेल भरलीच सांगतं. त्यामुळे पॅनेल सोडा, बादलीने मोजा. रिकामी केल्यावर मोजून पाणी ओतत जा आणि कमोडमधून पातळी बघा, ती काठाजवळ आली की थांबा. 60 च्या टाकीत 40 लिटरच मावलं, तर 20 लिटरची जागा घाणीने धरलीय.

ढीग सळईने टोचू नका. टाकीला भोक पडतं नाहीतर खिळे वाकतात. त्याला पाण्यानेच हरवायचं. व्हॉल्व्ह बंद करा, टाकी तीन चतुर्थांश भरा, थोडं भांड्याचं लिक्विड घाला आणि रात्रभर, जमल्यास आणखी एक दिवस भिजू द्या. मग गाडी फिरवून आणा. घोडबंदर रोडचे खड्डे एरवी कुणाला नको असतात, या कामाला उत्तम आहेत, पाणी आत हिंदकळलं पाहिजे. परत येऊन सोडा. ढीग अर्धा जाईल, पुन्हा भरा, पुन्हा भिजवा. घाई नको, तो बसायलाही वेळ लागलाय. ढीग गेला की खिळेही बहुधा याच धुण्यात साफ होतात आणि दिवे विझतात.

यापुढे रिकामी केली की लगेच 8-10 लिटर साधं पाणी ओतून ठेवायचं, तळ कोरडा राहता कामा नये. सासूबाईंना सांगा, पाणी हात राखून सोडू नका. टाकी लवकर भरते म्हणून माणसं पाणी वाचवतात आणि मग ढीग जमतो. कागद वापरत असाल तर एक तुकडा बरणीत पाणी घालून हलवून बघा. विरघळून लगदा झाला तर चालेल, अख्खा राहिला तर टाकीत टाकू नका. ओले वाइप्स तर कधीच नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

व्हॉल्व्ह ओढताना जड जात असेल तर जोर लावू नका, केबल तुटते. खाचेत कागद किंवा वाळू अडकलेली असते. टाकी पूर्ण मोकळी झाली की चार बोल्ट काढून व्हॉल्व्हचं सरकतं पातं साफ करता येतं. त्याला सिलिकॉनचं ग्रीस लावा, साधं ग्रीस रबराला खातं.

सीवूड्सकर

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून कळकळीने लिहिते. टाकीचा वास मारायला कुणी ब्लीच टाकतं, कुणी टॉयलेट क्लीनर. हे दोन कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लीनरमध्ये बहुतेकदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचशी मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. नुसतं ब्लीचही मूत्राच्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार करतं. बंद गाडीत, एसी लावून झोपलेल्या माणसांच्या उशाशी हे घडू नये. आम्ही एन्झाइमचं औषध वापरतो. ते जिवाणूंवर चालतं, म्हणून त्याच्याबरोबर ब्लीच घातलंत तर औषधही वाया.

ज्यांना टाकीच नको त्यांनी कॅसेट टॉयलेट बघा. साधारण 20 लिटरचा डबा असतो, चाकांवर ओढत नेऊन कुठल्याही कमोडमध्ये ओतता येतो. मात्र ताईंकडे सासूबाई आहेत, वरचेवर ओतावं लागेल. त्यांनी टाकीच ठेवावी.

सह्याद्रीवेडी

दोघांचे मनापासून आभार. आज रात्रीच भिजत घालते. शेवटचं: सोडायची कुठे? तो होमस्टे आता बंद झालाय, आणि सोसायटीत सगळे म्हणतात गेटबाहेरच्या गटारात सोडा, पावसात वाहून जाईल.

पावणे_फिटर

गटारात अजिबात नाही, ताई. पावसाळी गटाराचं पाणी कुठेही शुद्ध होत नाही, नाल्यातून सरळ खाडीत जातं. इकडे नवी मुंबईत ते होल्डिंग पॉन्डमधून, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांमधून जातं, पण शेवट खाडीतच. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. तिथे कोळीबांधव अजून जाळी टाकतात. आपला मैला त्यांच्या जाळ्यात जाऊ नये.

सोसायटीच्या कमिटीला विचारून मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडा. ओळख सोपी आहे: जाळीचं झाकण असेल तर ते पावसाळी गटार, बंद जड झाकण आणि आत वाहती पन्हळ दिसली तर मलवाहिनी. शंका वाटली तर कुणाच्या तरी घरचा फ्लश ओढायला सांगा, चेंबरमध्ये पाणी येतं का बघा. तुमच्याकडे मोठ्या संकुलांना स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असतो. तसा असेल तर त्याच्या ऑपरेटरला आधी सांगा. फॉर्मल्डिहाइड असलेलं टॉयलेटचं औषध टाकीत असेल तर तिथे सोडू नका, एसटीपी ज्या जिवाणूंवर चालतो तेच मरतात.

झाकण उचलल्यावर दूर उभे राहा, आतला वायू निघून जाऊ द्या, वाकून आत बघू नका. पाइप टाकीच्या तोंडाला लावून दुसरं टोक चेंबरमध्ये हातभर आत सोडा, वर जड काहीतरी ठेवा, नाहीतर लोंढ्याने उसळतो. रबरी हातमोजे घाला. आणि हे काम झाडूवाल्याला शंभर-दोनशे देऊन करून घेऊ नका. बादलीने, हाताने मैला उपसायला माणूस लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपल्या गाडीचा पाइप आपण धरायचा. व्हॉल्व्ह आणि पाइप धड असले की हाताला थेंबही लागत नाही.

कमिटीने होकार दिला की टाकीच्या तोंडाचा फोटो इथे टाका. बहुतेक 3 इंची असेल. कपलिंग कुठलं लागेल आणि पाइप किती लांब घ्यायचा ते सांगतो.