येळवस, माळेगाव, तुळजापूर : सणाचा बाजार कसा चालतो, जाणकारांनी लिहा

शिवारकर :
लातूरच्या गंजगोलाईत बिंदग्यांचे, म्हणजे मातीच्या मडक्यांचे, ढीग लागले. बघितलं आणि ज्वारी-ताकाच्या आंबिलीचा आंबूस वास नाकात भरला, म्हणून धागा काढायलोय. सण म्हणजे आपली संस्कृती वगैरे भाषणात ऐकतोच. इथं कामाचं लिहा. कोण काय विकतं, काय शिजतं, काय फसतं, बाहेरच्या पाव्हण्यानं काय बघावं.

सुरुवात मी करतो. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण, तिचा सगळा बाजार तिथीवर हलतो. 2024 मध्ये मार्गशीर्ष अमावस्या दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. 2025 ला 19 डिसेंबर. म्हणजे दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं, अधिक महिना पडला की परत जानेवारीत. भज्जीत, म्हणजे दाण्या-पाल्याच्या मिसळ भाजीत, काय पडणार ते ह्यावर. जानेवारीत आली तर हरभऱ्याचे घाटे भरलेले, पण तूर बऱ्याच शिवारांत वाळलेली. डिसेंबरात आली तर तुरीच्या ओल्या शेंगा पाहिजे तेवढ्या आणि हरभरा अजून फुलात. जी शेंग शिवारात नाही ती मंडईतून आणायची, आणि मंडईवाल्याला हे आपल्या आधी ठाऊक असतं.

उदगीरची सून :
कुकर लावलाय, घाईत लिहिते. भज्जीत सगळ्यात जास्त घोळ क्रमाचा होतो. तूर आणि वालाचे दाणे आधी, जून असले तर अजूनच आधी. ओल्या शेंगदाण्याला मधे टाका. मटार शेवटी. हे सगळं मऊ झाल्याशिवाय चुका किंवा चिंच अजिबात नाही. आंबट आधी पडलं की दाणा कडकच राहतो, मग वर घंटाभर शिजवा नाहीतर दोन घंटे. सोडा टाकून मऊ करतात काही जण, चव जाते. मग मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला. बेसन ताकात कालवून सगळ्यात शेवटी, आणि तेव्हापासून हात थांबवायचा नाही, बुडाला लागतं.

पोटोबा :
ताई प्रमाण सांगा. अंदाजे बिंदाजे चालणार नाही, आमच्याकडं पंचवीस माणूस आहे.

उदगीरची सून :
सोललेले दाणे किलोभर असतील तर बेसन पाव किलो. गरम असताना पातळ वाटलं पाहिजे, शेतात जाईस्तोवर थंड होऊन घट्ट होतं. पंचवीस माणसाला चार किलो दाणे धरा, सोललेले. शेंगा त्याच्या दुपटीच्या वर आणाव्या लागतात. सोलायला आदल्या रात्री घरातले पुरुष पण बसवा 😀

पोटोबा :
बसवणारच. मोबाईल घेऊन बसतील.

कासारशिरसीकर :
आंबिलीवर कुणी लिहिलं नाही म्हणून. एक वाटी ज्वारीचं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या, त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. एकूण सहा वाट्या पाण्यात शिजवून पूर्ण गार करायचं. मग तीन-चार वाट्या ताक. कोमट असताना ताक ओतलं तर फाटतं, वर पाणी आणि खाली चोथा. रात्रभर मडक्यात. मीठ, ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर सकाळी निघताना. मीठ आधीच घातलं तर आंबायला वेळ लागतो, त्यात डिसेंबरची थंडी. पितळेच्या भांड्यात कल्हई नसेल तर ठेवूच नका, कळकते.

शिवारकर :
बिंदगी घेताना टिचकी मारून बघा. खणखण वाजली तर भाजलेली, भद्द वाजली तर कच्ची किंवा कुठंतरी तडा. ह्या दिवसांत ऊन कमी, माल सावकाश वाळतो, आणि मागणी मात्र चार दिवसांत एकदम. ओल राहिलेला माल भट्टीत गेला की तडकतो. म्हणून शेवटच्या दिवशीचा घाईचा माल शक्यतो टाळा. आणली की एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर अर्धी आंबील मडकंच पितं.

बार्शी नाका :
ह्या सगळ्यात उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, राहिले. बाजरीचं पीठ ताजंच दळा, आठ-दहा दिवसांचं झालं की कडवट लागतं.

गडी बिनकामाचा :
ओलगे ओलगे सालम पोलगे!!!

उदगीरची सून :
अजून हाय वेळ, येळवशीची आरोळी आत्तापासून ओरडू नका 😂

ज्वारीवाला :
शेतात पूजेसाठी कडब्याची खोप करतात, तिचं कुणीच बोलेना. कडबा आणायचा कुठून? निम्म्या शिवारात सोयाबीन, त्यामागं हरभरा. सोयाबीनच्या भुसकटाची खोप होत नसती. ज्वारी घटल्यापासून कडब्याच्या पेंढ्या विकत घेऊन खोप उभी करणारे वाढलेत. पाच पेंढ्या पुरतात लहान खोपीला. बुडखे पसरून रोवायचे, शेंडे एकत्र आवळून बांधायचे, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड चुन्यानं रंगवून. काळा पडलेला, भिजका कडबा घेऊ नका. बुरशीचा असतो, पूजेनंतर तोच जनावरापुढं टाकला जातो आणि पोट बिघडतं.

अजून एक. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पेटवलेला पलिता, शेतात फिरवताना उसाच्या बांधानं जाऊ नका. वाळलेलं पाचट, त्यात वारा. एक ठिणगी बास होते.

कंधारी :
तुमची येळवस तिकडं, आमची नांदेडकडच्या माळेगावची जत्रा इकडं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते, म्हणजे तुमच्या आदल्याच दिवशी. त्यामुळं लोहा-कंधारच्या माणसाचा जीव दोन्हीकडं.

माळेगावचा खरा कणा जनावरांचा बाजार. लाल कंधारी आणि देवणी जातीची गुरं, घोडे, गाढवं, उंट. नवख्यानं बैल घेताना आधी दात बघावे. आदत म्हणजे दुधाचेच दात. दोन दाती साधारण सव्वादोन-अडीच वर्षांचा, चार दाती तिनाच्या पुढं, सहा दाती चाराच्या आसपास, आणि पाचाच्या सुमाराला जुळतो, म्हणजे आठही दात येतात. जुळल्यावर दातावरून वय नेमकं कळत नाही, मग झीज बघायची. ताजी कानस मारलेली असली तर दाताच्या कडा एकसारख्या सपाट दिसतात. तिथून पुढं निघा.

पोट भरलेलं दिसावं म्हणून मीठ चाटवून पाणी पाजतात. म्हणून सकाळी लवकर, पाणी पाजायच्या आत बघा. सपाटावर उभा बैल बघून काही कळत नाही. चढावर आणि उतारावर चालवा, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो का बघा. खूर दाबून बघा. शेवटी मूठभर कडबा टाका. जो चावत नाही त्यात काहीतरी आहे. भाव रुमालाखाली बोटांनी होतो, हेडी म्हणजे दलाल मधे. बोटं समजत नसतील तर समजणारा माणूस सोबत न्या, मान डोलावत बसू नका.

देवणीवाला :
कंधारी मालक, देवणीचं पण सांगा की. वानेरा म्हणजे अंग पांढरं, तोंडाच्या बाजूला काळं. बालंक्या जवळजवळ सगळा पांढरा, काळं फक्त खालच्या अंगाला. शेवरा पांढऱ्यावर काळे ठिपके-ठिगळं. बाहेरचे लोक शेवऱ्याला गावठी समजून कमी भाव सांगतात.

कंधारी :
बरोबर हाय. पण ओढकामाला घेणारे कमीच राहिले, ट्रॅक्टर आला. आता चांगला वळू पैदाशीला आणि प्रदर्शनाला विकतो. माझं मत विचाराल तर बाजार टिकलाय तो प्रदर्शनानं, नांगरानं नाही. आणि कानातला बारा अंकी बिल्ला नसेल तर घेऊ नका. 2022 ला लम्पी रोगाच्या साथीत बाजारच बंद ठेवले होते, तेव्हापासून बिल्ला-लसीची नोंद लोक स्वतः मागायलेत. पावतीवर तोच नंबर आहे का जुळवून बघा.

गडी बिनकामाचा :
आणि लावणी महोत्सव? कुस्त्यांची दंगल? सगळं सोडून दातच मोजा.

कंधारी :
लावणीला गर्दी आपोआप होते, तिला माझ्या माहितीची काय गरज.

पुणेकर (मूळ परळी) :
मुक्काम कुठं करावा? फोटो काढायला यायचंय.

कंधारी :
नांदेड किंवा लातूर. गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, बस मिळतात. गाडी आणली तर लांब लावा आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत अडकला. जनावराच्या मागून फोटो काढू नका, घोड्याच्या तर मुळीच नाही.

तुळजापूर वेस :
बाहेरून येणाऱ्यांसाठी आमच्याकडचं. नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीची घोर निद्रा असते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. ह्या काळात मूर्ती पलंगावर असते, नेहमीचे अभिषेक नसतात. लोक अभिषेकाचं ठरवून येतात आणि दारात वाद घालतात. तिथी बघून निघा. कोजागरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांची रांग लागते, साधारण 45 किलोमीटर, तेव्हा त्या रस्त्यावर वाहतूक वळवतात. त्या दिवशी गाडीनं सोलापूरमार्गे येऊच नका.

कवड्याची माळ घेताना कवडीचा पिवळसर पाठीचा भाग बघा, घासून पांढरी केलेली लवकर फुटते. प्लॅस्टिकची हलकी लागते, दातावर आपटली की टकटक होत नाही. पोत, म्हणजे देवीपुढं पेटवायचा चिंध्यांचा पलिता, घेणाऱ्यांनी चिंध्या सुतीच घ्याव्यात. नायलॉनची चिंधी वितळून हातावर गळते.

येरमाळ्याची लेक :
आमच्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या जत्रेला विसरू नका, चैत्र पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईत जाते, रानात चुनखडी वेचतात. उन्हाचा कहर असतो, डोक्याला ओला पंचा आणि पाणी सोबतच ठेवा.

जत्रेतला हलवाई :
गोडीशेव सगळे खातात, बनवायची कशी ते मी सांगतो. एक किलो शेवेला पाऊण किलो गूळ. पाक पाण्यात टाकला की कडक गोळी झाली पाहिजे, बोटानं दाबून दबली तर अजून कच्चा. कच्च्या पाकाची शेव दुसऱ्या दिवशी एकमेकाला चिकटून ढेकूळ. ढगाळ हवेत गुळाला पाझर सुटतो, तेव्हा कितीही पक्का पाक केला तरी माल उघडा मांडू नका. जत्रेत गिऱ्हाईक ढीग बघूनच थांबतं, तरी अर्धा माल डब्यातच ठेवावा लागतो. धंद्याची सगळी मेख इथंच. रेवडीला हा त्रास कमी, तीळ बाहेरून पाक झाकून धरतो.

ज्वारीवाला :
येळवशीला ज्याच्याकडं शेत नाही असे शहरातले लोक आता पैसे देऊन शेतात जेवायला जायलेत. कृषी पर्यटनवाले ताट लावतात. लावू द्या, कुंभाराच्या बिंदग्या तेवढ्या जास्त खपतात. पण एक बघा, ताटाला आंबील स्टीलच्या पिंपातून काढून देत असतील तर भाव कमी करून मागा.

पोटोबा :
माळेगावात घोंगडी कुठल्या बाजूला मिळतात? आणि अस्सल कशी ओळखायची?

कंधारी :
बाजू दरसाल बदलते, विचारत जावं लागतं. कडेचा एक धागा काढून जाळायचा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास आणि हातात चुरणारी राख. वितळून गोळी झाली तर पुढच्या दुकानात चला. नवी घोंगडी कडक लागते म्हणून नाक मुरडू नका, ती चिंचोक्याची खळ असते. घरी आणून थंड पाण्यातून काढा, गरम पाण्यानं आटते. पिळायची नाही, दोघांनी धरून झटकायची आणि सावलीत आडवी वाळवायची.