पावसात वायपर मध्येच थांबतात. मोटर खरंच गेली आहे का?

शिवणवाली_धनकवडी

नमस्कार मंडळी. गाडी २००४ सालची, छोटी, पेट्रोलची. मॉडेल लिहीत नाही, एकेकाळी प्रत्येक सोसायटीत तीन-चार असायच्या, त्यातलीच एक. यजमानांनी घेतलेली, आता मीच चालवते. धनकवडीहून बोहरी आळीत जायचं, अस्तर, बटणं, लेस भरायची आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. २०२४ मध्ये आरसी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घेतली आहे, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया नको.

तक्रार अशी. पावसात वायपर लावले की पहिली दहा मिनिटं बरे चालतात. मग हळू हळू होत जातात, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसे, आणि काचेच्या मधोमध थांबतात. फास्टवर टाकलं तर दोन-चार फेऱ्या मारतात, त्याही कंटाळत. बंद करून पाच-सात मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही असे पुन्हा सुरू! फ्यूज उडत नाही.

दुसरं एक जुनं दुखणं आहे. स्विच बंद केला की पट्ट्या खाली जाऊन बसत नाहीत, जिथे असतील तिथेच उभ्या. दोन वर्षं झाली. आता मला बरोब्बर खाली आल्यावर बंद करायची सवय लागली आहे, सुई वर असताना पायडल सोडावं तशी.

मागच्या रविवारी पानशेतहून येताना डोणजे फाट्याच्या अलीकडे बंद पडले. समोरचं काही दिसेना. भज्यांच्या टपरीशी गाडी लावली. टपरीवाल्या मावशींनी अर्धा बटाटा दिला आणि म्हणाल्या, काचेवर घासा. घासला. खरंच दिसायला लागलं, पण किरकटवाडीपर्यंतच. पुढे वायपर थंड झाले होते म्हणून घरी पोचले.

गॅरेजमध्ये बादलीभर पाणी ओतून दोन मिनिटं चालवून पाहिले. तेव्हा अर्थातच छान चालले. तरी निकाल लागला: "मोटर गेली, मजुरीसकट ३,५०० रुपये." दुसरा एक वायरमन म्हणाला, स्टिअरिंगजवळचा स्विच गेलाय. दोघांनी बॉनेटच्या मागची जाळी उघडूनसुद्धा पाहिली नाही. पैसे घालायला हरकत नाही, पण चुकीच्या ठिकाणी घालायचे नाहीत. काय करू?

अक्षय_कोथरूड

ताई, आधी ब्लेड बदला. रबर कडक झालं की काचेला चिकटतं, मोटरवर लोड येतो. माझ्या गाडीला ब्लेड बदलल्यावर एकदम मस्त झालं.

शिवणवाली_धनकवडी

मे महिन्यात बदलली दादा, दोन्ही. काच पुसण्याबद्दल तक्रार नाहीच, पुसतात छान. चालतात तोपर्यंत.

नानापेठी

मोटरच घ्यायची ठरली तर नवी कशाला? नाना पेठेत तुमच्या गाडीची मोटर सहज मिळेल, बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो तिथेही जुनी मिळते. मात्र दोन गोष्टी सांभाळा. जुनी मोटर सोबत न्या आणि प्लगच्या पिना, बोल्टची भोकं जुळवून बघा. आणि विकणाऱ्याला तिथल्या तिथे बॅटरीला लावून दोन्ही स्पीड दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जा. जुन्या बाजारातल्या मालाला परतफेड नसते, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

वायरमन_काका

ताई, अजून कुठेही जाऊ नका. नानापेठी, राग नको, पण मोटर चांगली असू शकते असं मला वाटतंय. सांगतो का ते.

वायपरच्या मोटरीत साधारण तीन कार्बन असतात, म्हणजे फिरणाऱ्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे. एक दोन्ही वेगांचा सामाईक. एक स्लोचा, त्याच्या बरोब्बर समोर. तिसरा फास्टचा, तो थोडा बाजूला सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजवर मोटर जोरात फिरते. माणूस वर्षभर स्लोच वापरतो म्हणून स्लोचा कार्बन आधी झिजतो. तो गेला असता तर तुमचा स्लो मेला असता आणि फास्ट ठणठणीत राहिला असता. स्विचचंही तसंच, एखादा पॉइंट जळाला की एखादा वेग जातो. तुमचे दोन्ही वेग रडतायत, तेही दहा मिनिटांनी. म्हणजे मोटरला कुणीतरी मागे ओढतंय.

बऱ्याच मोटरींच्या आत उष्णतेवर उघडणारा छोटा कटऑफ असतो. काम जड झालं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, कटऑफ उघडतो. थंड झाली की आपोआप जोडला जातो. तुमची "पाच-सात मिनिटांनी पुन्हा सुरू" ही गोष्ट तीच. गॅरेजवाल्याला दोन मिनिटांत दिसलं नाही कारण दोन मिनिटांत ती तापतच नाही.

आता एक सांगा. तुमचं शिलाई मशीन जड झालं तर तुम्ही आधी मोटर बदलता का?

शिवणवाली_धनकवडी

अहो काका, मुळीच नाही! पट्टा काढून टाकते आणि चाक हाताने फिरवते. हाताला जड लागलं तर दोष मशीनमध्ये. बहुतेक वेळा शटलपाशी दोरा गुंडाळलेला असतो. हलकं फिरलं तर मग मोटर बघायची.

थांबा. तुम्ही काय म्हणताय ते कळलं.

वायरमन_काका

कळलं ना? तसंच करायचं. मोटरला एक लहान दांडी, म्हणजे क्रँक असते. ती लांब सळ्यांना जोडलेली, आणि सळ्या त्या दोन खुंट्यांना फिरवतात ज्यांच्यावर वायपरचे हात बसतात. सळ्यांच्या टोकाला गोळा आणि प्लास्टिकची वाटी असा सांधा असतो. क्रँकवरची वाटी मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचकटा, ती फटकन सुटते. क्रँकचा नट मात्र सोडू नका. ती मोटरवर ठरलेल्या जागी बसवलेली असते, एकदा हलली की पट्ट्या कुठे थांबायच्या ते सगळं चुकतं. पुष्कळ गॅरेजवाले हीच चूक करतात आणि मग पट्टी बाजूच्या खांबावर आपटत बसते.

वाटी सुटली की मोटर एकटी चालवा. पंधरा मिनिटं चालू द्या. मग खुंट्यांकडच्या वाट्याही सोडवा, म्हणजे त्या एकमेकींपासून सुट्या होतील, आणि एकेक खुंटी हाताने फिरवा. दोन बोटांनी फिरली पाहिजे. पक्कड लागली तर चोर तोच.

हे करण्याआधी बॅटरीची काळी वायर काढा, मोटर चालवायची तेवढ्यापुरतीच जोडा. आणि ती जोडलेली असताना सळ्यांच्या आसपास हात नको. त्यांचा जोर बोट जायबंदी करण्याइतका असतो. वायपरचा हात उचलून ठेवाल तेव्हा काचेवर जाड गोधडी घाला, स्प्रिंगने हात आपटला तर काच तडकते आणि मग ३,५०० स्वस्त वाटतील.

घाटकरी

काकांच्या बोलण्यात भर. अर्थिंगही, म्हणजे मोटरच्या अंगातून बॅटरीच्या काळ्या टोकाकडे परतणारी जोडणीही, बघून घ्या. रात्री हेडलाइट लावले की वायपर अजून मंदावतात का? तसं असेल तर बॅटरीच्या काळ्या टोकापासून मोटरच्या अंगाला एक जाड वायर तात्पुरती लावून बघा. वेग वाढला तर अर्थिंगचा बोल्ट गंजलाय. माझी ताम्हिणीत अशीच फजिती झाली होती, मोटर बदलून झाल्यावर कळलं.

आणि बटाट्याबद्दल: तंबाखूही चालते. थेंब थेंब न राहता पाण्याचा सलग पातळ पापुद्रा होतो म्हणून दिसतं. घरी पोचण्यापुरतंच ते.

शिवणवाली_धनकवडी

हेडलाइटने फरक पडत नाही, काल रात्री पाहिलं. शनिवारी उघडते. शेजारच्या काकांकडे गोटी पाना आहे.

शिवणवाली_धनकवडी

उघडलं! सविस्तर लिहिते, कारण चार दिवस तुमच्या डोक्याला ताप दिलाय.

सुरुवातीलाच शिंप्याच्या खडूने काचेवर दोन्ही पट्ट्यांच्या जागा आखून घेतल्या. हाताच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी, तिच्याखाली नट. नट सुटला, पण हात निघेना. जोराने उपटायचा मोह झाला. तेवढ्यात सुनबाईने किटलीतलं गरम पाणी बुडाशी ओतलं, आणि डावीकडे-उजवीकडे हलवत हलवत तो आला बाहेर. उपटला असता तर आतले दातेच गेले असते असं शेजारचे काका म्हणाले.

जाळी काढली आणि कपाळावर हात मारला. सोसायटीतला गुलमोहर अख्खा आत! बारीक बारीक पानं, कुजून काळी माती झालेली, त्यात एक पिंपळाचं रोपटं उगवायला लागलेलं. पाणी जायचं भोक बुजलेलं. म्हणजे दर पावसाळ्यात तिथे पाणी साचत होतं आणि खुंट्या त्यात न्हात होत्या. हे बघायला कुणाला पाना लागला नसता, नुसते डोळे पुरले असते.

क्रँकवरची वाटी काढली. मोटर एकटी वीस मिनिटं चालली, स्लोवरही आणि फास्टवरही, एकसारखी. हात लावला तर जेमतेम कोमट. मग खुंट्या सुट्या केल्या. डावीकडची दोन बोटांनी फिरली. ड्रायव्हरकडची हललीच नाही. पक्कड लावली तेव्हा कर्र करून पाव फेरी.

मी आमचं मशीनचं तेल सोडलं आहे. अर्ध्या तासात बरीच मोकळी झाली. आता बसवून टाकू का?

वायरमन_काका

शाब्बास ताई. पण बसवू नका. मशीनचं तेल फार पातळ, दोन पावसांत धुऊन जाईल आणि दिवाळीपर्यंत तुम्ही पुन्हा इथेच. खुंटी पोलादाची आणि तिचं घर ॲल्युमिनियमचं. पाणी साचून घराच्या आत पांढरी भुकटी धरते आणि खुंटी आवळली जाते. ती पूर्ण बाहेर काढा. वरच्या बाजूला एक बारीक लॉक असेल, ते काढा, गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोका. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने खुंटी चकचकीत करा, घराच्या आतली भुकटी खरवडा, रबराची चकती असेल ती नवी घाला. मग भरपूर ग्रीस.

हाताशी आहेच तर खाली न बसण्याचं दुखणंही काढून टाका. मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली तांब्याच्या पट्ट्यांची चकती आणि दोन-तीन पातळ पाती असतात. तुम्ही स्विच बंद केला तरी त्या पात्यांतून मोटरला पुरवठा चालू राहतो, पट्ट्या खाली येईपर्यंत. खाली आल्या की चकतीवरचा खंड येतो, पुरवठा तुटतो आणि मोटर जागीच ब्रेक लागल्यासारखी थांबते. तिथे घाण बसली की स्विच बंद करताक्षणी सगळं जागच्या जागी. झाकण उघडण्याआधी फोटो काढा. पात्यांना हलक्या हाताने.

शिवणवाली_धनकवडी

झालं काका.

खुंटी रविवारी सकाळी निघाली, चौथ्या ठोक्याला. पांढरी भुकटी अगदी तुम्ही म्हणालात तशीच, पिठीसाखरेसारखी. एका सांध्याची वाटीसुद्धा खिळखिळी होती, ती नाना पेठेत ४० रुपयांना मिळाली. (नानापेठी, तुमचं ऐकलं बरं का, मोटरसाठी नाही एवढंच.) मोटरच्या झाकणाखालचं ग्रीस म्हणजे जुन्या गुळाची ढेप. तांब्यावर हिरवट थर. खोडरबराने घासला, पाती किंचित वर केली, नवं ग्रीस फक्त दात्यांना लावलं, तांब्याला नाही. हात बसवण्याआधी मोटर एकदा चालवून बंद केली, तिची ती थांबली की मगच खडूच्या खुणेवर हात चढवले. स्प्रे, ग्रीस, पेपर, वाटी, रबर धरून सगळं ४१० रुपयांत. गुलमोहराखाली गाडी लावणं बंद केलंय. जागेवरून वॉचमनशी वाद चालू आहे, तो वेगळा विषय.

काल रात्री मुद्दाम कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आले. पाऊण तास सलग धो धो पाऊस, वायपर एकदाही मंदावले नाहीत. आता स्विच कुठेही बंद केला तरी पट्ट्या खाली जाऊन निजतात. माझा हात मात्र अजून त्या खाली येण्याची वाट बघत स्विचवर थांबतो.