बूट महाग, पण वेग कुठला?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी २० हजारांचे कार्बन प्लेटचे (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले) बूट घ्यावेत का आणि सरावाला केनियाचा नामवंत मॅरेथॉनपटू किपचोगे याचा प्लॅन उचलावा का, या प्रश्नात थोडी भर घालतो. या बुटांचा 'चार टक्के फायदा', म्हणजे त्याच वेगाला तेवढी ऊर्जा कमी लागते, हा आकडा २०१७ साली कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या चाचणीतला. त्यात १८ पट्टीचे धावपटू होते, वेग ताशी १४ ते १८ किमी. आपल्यातले बहुतेकजण २१ किमीला सव्वादोन-अडीच तास घेतात, म्हणजे ताशी साडेआठ-साडेनऊ किमी. त्या वेगाला फायदा बराच आटतो. शिवाय यवतेश्वरचा घाट उतरताना उंच, मऊ सोल वळणावर डुगडुगतो, घोट्याची काळजी वाटते.

प्लॅनचं मला जास्त खटकतं. किपचोगे आठवड्याला २०० किमीच्या आसपास धावतो, आणि विश्रांती हा त्याच्या कामाचाच भाग. नोकरी सांभाळून ४० किमी धावणाऱ्याने त्याचे इंटरव्हल (मध्ये थोडं थांबत, पुन्हा पुन्हा जोरात धावणं) तेवढे उचलले, की आधी पोटऱ्या धरतात, मग नडगी दुखायला लागते. त्याच्याकडून घ्यायचंच तर सावकाश धावणं घ्या, त्याचे बरेचसे किलोमीटर तसेच असतात. आणि बूट पायाला नीट बसणारे, साधे घ्या. सोल झिजला की मात्र लगेच बदला.