बाबांना 'स्वदेशीच' गाडी पाहिजे. पण स्वदेशी नक्की कशाला म्हणायचं?

कोरडा_पाऊस
मंडळी डोकं फिरलंय. बारा लाखांपर्यंत पेट्रोल गाडी घ्यायचीय, मारुती सुझुकीची ब्रेझा जवळपास फायनल झालेली आणि बाबांनी ऐनवेळी पाय रोवले. सुझुकी जपानची, घ्यायची तर स्वदेशी, टाटाची नेक्सॉन घे नाहीतर महिंद्राची बघ. मी म्हटलं अहो ब्रेझा हरियाणात बनते, तर म्हणे बनते कुठे याला काय अर्थ, पैसा कुणाच्या घरात जातो ते बघ. आणि गंमत म्हणजे याच माणसाने अठरा वर्षं पद्मिनी चालवली, जी मुळात फियाट 1100, म्हणजे इटलीची, नाव बदललं गाडी तीच. हे सांगितलं तर चहा अर्धा ठेवून उठून गेले.
तर भांडण सोडवा. मालक भारतीय हवा, कारखाना इथला हवा का पार्ट इथले हवेत?

टॉर्करेंच
आरसीवरचा चासी नंबर बघा. टाटाचा एमएटीने सुरू होतो, मारुतीचा एमए३ने, ह्युंदाईचा एमएएलने. ते सुरुवातीचं एमए म्हणजे भारत, म्हणजे नंबरापुरत्या तिन्ही इथल्याच.
आणि मालकाचं म्हणाल तर मारुती 1981 ला सरकारी कंपनी म्हणून सुरू झाली, सुझुकीचा हिस्सा आधी 26 टक्के, वाढत वाढत 2002 ला निम्म्याच्या वर गेला आणि 2007 ला सरकार पूर्ण बाहेर. मग कारखाना तोच, कामगार तेच, गाडी तीच, आणि 2002 च्या एका सहीने ती परदेशी झाली का? बाबांना विचारा जरा.
अजून एक, ते 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल आठवतंय? लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायचे. मारुतीच्या स्विफ्टमध्ये तेच, टाटाच्या इंडिका व्हिस्टात तेच, फियाटच्या पुंटोत तर होतंच. टाटावाले आणि मारुतीवाले फोरमवर एकमेकांची आयमाय काढत होते आणि दोघांच्या बॉनेटखाली फियाट.

भोसरीकर
आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, टियर टू, म्हणजे कंपनीला थेट नाही तर तिच्या व्हेंडरला माल देणारे, ब्रॅकेट क्लॅम्प असली बारीक कामं. पत्रा इथला, डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, आम्हीच बनवलेली, पोरं लातूर बीडकडची. म्हणजे पार्ट शंभर टक्के स्वदेशी, बरोबर? आता किस्सा ऐका.
एका ब्रॅकेटला भोक बेंडच्या फार जवळ दिलेलं, त्यामुळे वाकवताना ते लांबट व्हायचं आणि गेजची, म्हणजे माप तपासायच्या साधनाची, पिन काही जायची नाही. रिजेक्शनचा ढीग. भोक दीड मिलिमीटर मागे सरकवलं की विषय संपतो हे आमच्या डायमेकरने पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हातारा माणूस, कॅल्क्युलेटर पण लावला नाही त्याने. मग आम्ही वरच्या व्हेंडरला मेल टाकली, त्यांनी पुढे कंपनीला टाकली, पण ड्रॉइंग परदेशातल्या हेड ऑफिसचं, त्यामुळे इथल्या इंजिनिअरला पटत होतं तरी तो काही करू शकत नव्हता. होकार यायला 4 महिने. तोपर्यंत बेंडनंतर प्रत्येक पीसला वेगळं ड्रिल मारत बसलो, तेवढं एक ऑपरेशन आमच्या खिशातून.
तसंच लफडं दुसऱ्या, इथल्याच एका कंपनीच्या पार्टला झालं तेव्हा त्यांचा डिझाइनवाला पोरगा दुपारी बाइकवरून आला, उभ्या उभ्या गेज लावून बघितला, आठवड्यात नवीन रिव्हिजन हातात. तेव्हापासून माझा हिशोब असा की भोक सरकवायचा अधिकार ज्या देशात, गाडी त्या देशाची. बाकी बोर्डावर काहीही लिहा.
इंडिकाचंच बघा. 1998 ला आली, स्टायलिंग इटलीतल्या तुरीनच्या स्टुडिओचं, असेंब्ली लाइन ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद प्लांटमधून उचलून पिंपरीला आणलेली. पण पैसे मोजून करून घेतलेलं काम ते, ड्रॉइंग टाटाचं. म्हणून 2001 ला तिची सुधारित आवृत्ती व्हीटू काढताना कुणाची परवानगी मागत बसावी लागली नाही.

उसगावचा_पाहुणा
भोसरीकर 👌
आणि त्याच इंडिकाला 2003 ला इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचा बिल्ला लावून इंग्लंडात सिटीरोव्हर म्हणून विकली, हे पण सांगा की. बनायची पुण्यात.
इकडे अमेरिकेत 1992 चा कायदा आहे, नव्या गाडीच्या काचेवर स्टिकर लागतो, त्यात पार्ट किती टक्के इथले, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, जोडली कुठे, सगळं छापलेलं. फक्त मेख अशी की 'इथले' म्हणजे अमेरिका आणि कॅनडा एकत्र धरतात. माझी कॅमरी केंटकीत जोडलेली आणि शेजाऱ्याची शेवरोले सिल्वराडो मेक्सिकोत. तरी झेंडा त्याच्याच पिकअपवर.

टॉर्करेंच
@भोसरीकर कसोटी आवडली पण मग टाटाची हॅरियर डिझेल कुठे बसवणार? इंजिन मूळ फियाटचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ह्युंदाईचा, प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, लँड रोव्हरच्या डी८ वरून घेतलेला. आणि लँड रोव्हर 2008 पासून टाटाचीच!! म्हणजे ते ड्रॉइंग इंग्लंडचं का मुंबईचं?

भोसरीकर
प्लॅटफॉर्म आपला, विकत घेतला म्हणून काय झालं, विहीर विकत घेतली की पाणी पण आपलंच. इंजिनाला मात्र मी अर्धेच मार्क देईन. गिअरबॉक्स तर बाजारातून आणलेला आहे, महिंद्रापण मोठ्या एसयूव्हीत जपानचा आयसिन लावते, त्यात लाज कसली.
खरी गोची ईव्हीची आहे. पीएलआयमध्ये, म्हणजे उत्पादनाला प्रोत्साहन द्यायच्या योजनेत, सरकारने निदान 50 टक्के मूल्य देशातलं पाहिजे अशी अट घातलीय, ठीक आहे, पण बॅटरीचे सेल बहुतेक चीनमधून येतात आणि मोटरमधल्या मॅग्नेटचं तर 2025 च्या एप्रिलमध्ये बघितलंच, चीनने निर्यातीवर परवाना लावला आणि आमच्याकडे ईव्हीची शेड्यूल मागे पुढे व्हायला लागली. भोक सरकवायचा अधिकार आहे हो, पण मॅग्नेटच नाही तर ड्रॉइंग काय तळायचंय?

कोरडा_पाऊस
बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. पद्मिनीवर म्हणाले, "ती कुर्ल्याला बनायची, मी गेटवर उभा राहून बघितलीय." म्हटलं मग ब्रेझापण बघायला नेतो मानेसरला. यावर उत्तर नाही. भोसरीकरांचा डायमेकर मात्र फार आवडला त्यांना, दोनदा वाचायला लावलं.
रविवारी दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह आहे. नेक्सॉनच्या मागच्या सीटवर आई नीट बसेल का, तिचे गुडघे दुखतात. कुणी वापरतंय का?