कवितावाचनाची संध्याकाळ: मंच सगळ्यांना मोकळा की आधी निवड?

गिरणाकाठ

गेल्या महिन्यात शेवटच्या शनिवारी आमच्या गावी (एरंडोल-धरणगाव पट्ट्यातलं गाव) आम्ही पाचसहा जणांनी कवितावाचनाची पहिली संध्याकाळ घेतली. वाचनालयाचं वरचं सभागृह, एक माईक, दोन स्पीकर, साठ खुर्च्या. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक जिन्यात बसले. बाहेरून बघणारा म्हणेल, झकास झालं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

वेळ पाचची होती. पाहुणे सव्वासहाला आले. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, नऊ सत्कार, तीन मनोगतं. पहिली कविता माईकवर आली तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि यादीत ३४ नावं होती. शेजारच्या खेड्यातून बारावीतली एक मुलगी आईला घेऊन आली होती, अहिराणीत लिहिते. नवी म्हणून तिचं नाव २६ वं. शेवटची एसटी साडेआठला. सव्वाआठला आईनं तिच्या हातातली वही घेऊन पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, पुढच्या टायमाला बघू." मुलगी काही बोलली नाही. खुर्चीखाली तिची पाण्याची बाटली राहिली, ती अजून माझ्या घरी आहे.

आता पुढच्या वेळेसाठी मी मंडळापुढे असं मांडलंय: पाहुणे नकोत, सत्कार नकोत. दारातच नाव चिठ्ठीवर लिहून मडक्यात टाकायचं. निघेल त्यानं उभं राहायचं. बाहेरगावच्यांचं मडकं वेगळं, ते आधी रिकामं करायचं. एकाला एक कविता, चार मिनिटं. कविता आधी मागवून तपासायच्या नाहीत. मंडळात दोन तट पडलेत. तुम्ही ज्यांनी असे कार्यक्रम केलेत, त्यांनी मोकळेपणी बोला.

सेवानिवृत्त_मास्तर

त्या लेकराचं ऐकून वाईट वाटलं. पण भाऊ, तुम्ही सत्कार आणि निवड एकाच पोत्यात भरताय. मुलीची पाळी सत्कारांनी खाल्ली, निवडीनं नाही. उलट निवड केली असती तर ३४ ऐवजी १२ नावं असती आणि ती नक्की वाचून गेली असती.

मी अकरा वर्षं असे मेळावे घेतले. मंच मोकळा सोडला की पहिल्या महिन्यात गर्दी, दुसऱ्यात बरी, तिसऱ्या महिन्यात समोर फक्त वाचणारे उरतात. ऐकायला कोणी येत नाही, आपली पाळी यायची वाट बघत वही चाळत बसतात. मोबाईलवर आलेल्या चारोळ्या स्वतःच्या म्हणून खपवतात. एकदा एका गृहस्थांनी शाळेच्या पुस्तकातली कविता स्वतःची म्हणून वाचली आणि टाळ्याही घेतल्या. त्या दिवशी मी सूत्रसंचालक होतो. अजून लाज वाटते.

१९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन झालं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' हे नाव तिथे मिळालं, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांच्या तोंडून. समोर कान तयार असलेली माणसं होती म्हणून ते झालं. ऐकणारा तयार करायचा असेल तर त्याच्या कानावर आधी चांगलं पडलं पाहिजे.

पांझरेचं_पाणी

मास्तर, राग मानू नका, पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. तेव्हा ठोंबरे १६-१७ वर्षांचे होते. तुमच्या बारा नावांच्या यादीत त्या वयाच्या पोराला कितवा नंबर मिळाला असता? निवड समितीत कोण बसतं हे आपल्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. दोन प्राध्यापक, एक पत्रकार, एक ज्यांचा संग्रह आलाय ते. त्यांना वहीतली कविता दिसते, माणसाच्या तोंडातली दिसत नाही. अहिराणी कागदावर वाचली की त्यांना ती अशुद्ध मराठी वाटते. धुळ्यात माझी कविता "भाषा सुधारून पाठवा" अशा शेऱ्यासह परत आली आहे. ती मी सुधारली नाही.

हिशेबवही

भावना दोन्ही बाजूंच्या बरोबर, पण पैशांचं कोणीच बोलत नाही. सभागृह फुकट कसं मिळालं? वाचनालयाच्या अध्यक्षांना शाल दिली म्हणून. चहा कोणी पाजला? एका जिनिंगवाल्यानं. त्याला व्यासपीठावर खुर्ची नको? कापूस घरात आला की हेच लोक वर्गणी देतात, गणपतीला देतात, कानबाईला देतात. आपण त्यांचं नावही घ्यायचं नाही हे माणुसकीला धरून नाही.

गिरणाकाठ

हिशेब माझ्याकडेच आहे, सांगतो. माईक-स्पीकरचं भाडं १,२००. चहा ६००. नऊ शाली, नारळ आणि गुच्छ मिळून २,४३०. म्हणजे कवितेवर जेवढं गेलं त्यापेक्षा जास्त शालींवर गेलं, आणि देणगी आली २,०००. शाली नसत्या तर २०० रुपये शिल्लक राहिले असते. देणाऱ्याचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहू, सुरुवातीला एकदा मनापासून घेऊ. त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकावं. व्यासपीठावर खुर्चीच ठेवायची नाही, फक्त माईकचा दांडा. खुर्ची ठेवली की तिच्यावर कोणीतरी बसतं आणि बसलेल्याला बोलावंसं वाटतं.

गझलवेडा_भुसावळ

मधला मार्ग सांगतो. पहिला तास निमंत्रित पाच जण, प्रत्येकी दहा मिनिटं. मग चहा. मग मोकळा मंच. अहिराणीचं वेगळं सत्र ठेवा, म्हणजे त्यांनाही न्याय मिळेल. आणि चार मिनिटांचा नियम गझलेला लावू नका. तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन म्हणताना, एक शेर दोनदा घ्यावा लागतो, लोकच पुन्हा मागतात.

रावेरची_लेक

वेगळं सत्र म्हणजे वेगळी पंगत, दादा. आधी निमंत्रितांनी जेवायचं, मग उरलंसुरलं आम्ही. चहानंतर निम्मा हॉल रिकामा होतो हे तुम्हालाही माहीत आहे. ज्या बाईला घरी जाऊन भाकरी टाकायच्या आहेत ती त्या दुसऱ्या भागापर्यंत थांबूच शकत नाही. दहा मिनिटांचे पाच निमंत्रित कोण असतील? बहुतेक पुरुषच.

अजून एक. इकडे जो तो बहिणाबाईंच्या अहिराणीचा दाखला देतो. त्यांची गाणी लेवा गणबोलीतली आहेत, आमच्या घरातली बोली आहे ती. खान्देशात अहिराणीही आहे आणि गणबोलीही. दोघींना एकाच नावाखाली ढकलू नका. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात तोंडातून निघालेलं त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलं म्हणून राहिलं. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं. म्हणजे त्यांच्या हयातीत एकही निवड समिती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. आज तशी बाई तुमच्या दारात आली तर चिठ्ठीवर नाव कसं लिहील? दारात बसणाऱ्यानं विचारून लिहायला हवं. आणि "कवयित्री" म्हणून नको, नुसतं "आज काय म्हणणार मावशी?" असं विचारायला हवं.

सेवानिवृत्त_मास्तर

ताई, गणबोलीचं तुमचं बरोबर, मान्य. पण तुमच्या म्हणण्यातच माझा मुद्दा आहे. घरात सोपानदेवांसारखा ऐकणारा होता, त्याला कळलं की हे जपण्यासारखं आहे. पुढे हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि त्यांनी ते छापायलाच हवं म्हटलं. पारख करणारे दोन कान मध्ये होते. मी समिती म्हणजे चाळणी म्हणत नाही. पण कोणीतरी आधी ऐकलेलं असावं, नवख्याला "शेवटचं कडवं काढ, कविता तिथेच संपली होती" असं सांगणारं कोणी असावं. चार मिनिटं आणि टाळ्या एवढंच मिळालं तर ते लेकरू पाच वर्षांनी तिथेच असेल. खोट्या वाहवेनं बिघडलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिलीत.

पांझरेचं_पाणी

हे पटलं. पण ते कार्यक्रमाच्या आधी कशाला, नंतर करा ना. पुढच्या शनिवारी सहा जण बसा, वह्या उघडा. अट म्हणून नको, ज्याला हवं तो येईल. मला कोणी असं बोलावलं असतं तर मी सायकलवर गेले असते.

सातपुड्याखालून

चोपडा तालुक्याच्या वरच्या अंगाला राहतो. घरी पावरी बोलतो. तुमच्या चर्चेत अहिराणी आली, गणबोली आली, पावरी कुठेच नाही. मी एकदा एका ठिकाणी पावरीत म्हटलं, मधेच सूत्रसंचालक म्हणाले, "अर्थ सांगत चला." प्रत्येक ओळीला थांबून अर्थ सांगितला. कविता राहिली नाही, तास झाला. माझं म्हणणं एवढंच: आधी दोन वाक्यांत मराठीतून सांगू द्या, मग सलग म्हणू द्या. लोकांना सगळं नाही कळलं तरी चालतं. इंग्रजी गाणी ऐकतातच की.

आणि तरन्नुमवाल्या दादांना जास्त वेळ द्यायचा असेल तर आमच्या गाण्यांनाही द्या, तीही गाऊनच म्हणायची असतात. नाहीतर सगळ्यांना चार मिनिटं.

गझलवेडा_भुसावळ

ठीक, चार मिनिटं सगळ्यांना. मी तीन शेर कमी म्हणेन. वेगळ्या सत्राचंही मागे घेतो, मला पंगतीची बाजू दिसली नव्हती. निमंत्रितांचं मात्र सोडत नाही. किमान एक तरी चांगला कवी दर वेळी बोलवा, त्यानं शेवटी म्हणावं. लोक त्याच्यासाठी थांबतील, म्हणजे नवख्यांनाही श्रोते मिळतील.

नाव_नको

मी लिहिते, घरी माहीत नाही. तुमच्यासारख्याच एका कार्यक्रमात वाचलं होतं. घरी पोचायच्या आत व्हिडिओ तीन ग्रुपवर फिरला, सासऱ्यांपर्यंत गेला. कवितेत काही वावगं नव्हतं, माहेरच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची होती. तरी दोन वर्षं कुठे गेले नाही. मंच मोकळा की निवडीचा हे तुम्ही ठरवा, पण समोर पंचवीस मोबाईल उभे असतील तर तो माझ्यासाठी मोकळा नाही.

रावेरची_लेक

ताई, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. भाऊ, दारात पाटी लावा आणि माईकवरून सांगा: म्हणणाऱ्यानं स्वतः "घ्या" म्हटल्याशिवाय कोणी चित्रीकरण करायचं नाही.

गिरणाकाठ

काल रात्री मंडळाची बैठक झाली. हे सगळं तिथे वाचून दाखवलं. सत्कार बंद, दहापैकी सात जण बाजूनं. दोन मडकी ठरली. वेळ साडेचारची, आलेल्यांना घेऊन सुरू, कोणाची वाट बघायची नाही. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंदच करावा लागतो, आपण आठलाच संपवू. दारात वही घेऊन आमच्या वहिनी बसणार, विचारून नावं लिहिणार. मोबाईलची पाटी लागेल. दुसऱ्याची कविता किंवा जात्यावरची ओवी म्हणायची असेल तर खुशाल म्हणा, फक्त कोणाची ते आधी सांगायचं. वाचनानंतरच्या शनिवारी वह्यांची बैठक, तिची जबाबदारी मास्तर तुम्ही घ्यावी अशी सगळ्यांची विनंती आहे. निमंत्रित कवीवर एकमत झालं नाही, या वेळी नाही बोलवत.

आज दुपारी बाटली घेऊन त्या खेड्यात गेलो होतो. मुलगी कॉलेजात होती. ओट्यावर तिची आजी शेंगा फोडत बसली होती. कशाला आलो ते सांगितलं तर आजी म्हणाली, "माले लिखता येस नही भाऊ, मी बी येऊ का?"

सेवानिवृत्त_मास्तर

बैठकीची जबाबदारी घेतो. निवडीबद्दल माझं मत बदललेलं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलू. आजींना साडेआठच्या एसटीच्या भरवशावर ठेवू नका. माझी गाडी आहे, दोघींना मी सोडून येईन.