प्रतिसाद: सायकलच्या टायटॅनियम फ्रेममध्ये अडकलेली सीटपोस्ट (सीटखालची दांडी)
'टायटॅनियम गंजत नाही, मग सीटपोस्ट अडकली कशी?' असं विचारलंय. गंजते ती आतली ॲल्युमिनियमची पोस्ट. पोस्ट आणि फ्रेमच्या नळीमधल्या फटीत घामाचं खारट पाणी शिरलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि पोस्ट आवळून बसते. पान्याने पिळण्याआधी पोस्ट आवळणारा क्लॅम्प पूर्ण काढा, गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर थांबा.

सुटली की नळी आतून कोरडी पुसा आणि पोस्टला अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू न देणारी पेस्ट) चोपडा. साधं ग्रीस पावसात धुऊन जातं. पोस्ट कार्बन फायबरची असेल तर मात्र कार्बन पेस्टच. पावसाळ्यात दर महिन्याला पोस्ट काढाच. उंचीची खूण आधी टेपने करा.

बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो ते बेअरिंग) ॲल्युमिनियम कपांनाही हेच लागू. बॉटम ब्रॅकेट बीएसए (आटे असलेला एक प्रकार) असेल तर उजव्या कपाचे आटे उलटे असतात.