पंच व्हायला नाही म्हटलं, केस होऊ शकते का? (गोवा)

डिचोली तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. परवा तिन्हीसांजेला दोन पोलीस आले. समोरच्या गाड्यावर मटक्याची धाड घालायची होती. म्हणाले, पंच म्हणून, म्हणजे झडतीचा साक्षीदार म्हणून चल, सही करायची, दहा मिनिटांचं काम. (आमच्याकडे पंच म्हणजे पंचायतीचा मेंबर. बायकोला आतून वाटलं, मला निवडणुकीला उभं करतायत.)

मी नको म्हटलं. गल्ल्यावर दुसरं कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर गाडेवाला रोजचा माणूस, उद्या त्याला तोंड कसं दाखवू? हवालदार तापला. "सरकारी कामात अडथळा, १८६ लावीन!" माझं नाव, फोन डायरीत लिहिलं आणि शेजारच्या सलूनमधल्या पोराला घेऊन गेले.

तेव्हापासून झोप नाही. नुसतं नाही म्हणणं गुन्हा आहे का? जाणकारांनी सांगा.

उत्तर १
कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालोय. १८६ हे जुन्या दंड संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २२१ आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याला मुद्दाम आडवं यावं लागतं. तुम्ही दुकानात बसून होता.

तुमचा प्रश्न २२२ चा, म्हणजे मदत न करण्याचा. झडतीच्या पंचाबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १०३ मध्ये लिहिलंय: लेखी हुकूम हातात देऊनही सबळ कारणाशिवाय आला नाहीत, तर गुन्हा. कागद दिला होता का?

उत्तर २
एक भर. सगळीकडे 'कागद दाखवा' चालत नाही हं. पळणारा आरोपी धरायला किंवा दंगा थांबवायला पोलिसाने हाक मारली आणि मागणी वाजवी असेल, तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१ प्रमाणे तोंडी सांगणंही पुरेसं. तिथे अंग काढून घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोर्टाचं म्हणाल तर खास समन्स आल्याशिवाय पंचाला जावं लागत नाही, असं कायदा म्हणतो. व्यवहारात केस उभी राहिली की समन्स येतंच.

उत्तर १
आणि पंच त्रयस्थ लागतो. गाडेवाल्याशी तुमची उधारी असेल तर तेच सांगायचं होतं. 'तोंड कसं दाखवू' हे कारण कोर्टात टिकणार नाही.

धागाकर्ता
कागद वगैरे काही नव्हता, तोंडीच. उधारी आहे, साडेचारशे रुपये! ते सुचलंच नाही बघा. डायरीतल्या नावाचं विचारायला उद्या वकील भाच्याला घेऊन ठाण्यावर जातो.

गाडेवाला मात्र कालपासून दुकानात फिरकला नाही. त्याला वाटतंय खबर मीच दिली.